नाणेसंग्रह : प्रश्न वाचकांचे – मुकुटाखालचे काटेफूल

स्कॉटलंडच्या सोळाव्या शतकातील चांदीच्या नाण्यांविषयी, आणि विशेषतः त्यांपैकी काहींवर नंतर मारलेल्या सरकारी ठशाविषयी, वाचकांची काही पत्रे आली आहेत. विषय एकच असल्याने त्यांतील निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

*प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा ग्लासगो येथे नोकरीला आहे. त्याने तेथील एका नाणेविक्रेत्याकडून १५६७ सालचे, सहाव्या जेम्स राजाचे चांदीचे ‘रायल’ विकत घेतले. नाण्याच्या एका बाजूला तलवार आहे आणि तिच्याजवळ एक लहानसे मुकुटधारी फूल खोलगट उमटलेले आहे. आमच्या ओळखीच्या सराफांनी ते पाहून ‘नाण्यावर कोणीतरी टोचा मारला आहे, किंमत अर्धी समजा’ असे सांगितले. मुलगा फसला आहे काय? – एक वाचक, ठाणे*

तुमच्या सराफांचा अंदाज आपल्याकडच्या नाण्यांना धरून आहे, आणि त्या हद्दीत तो चुकीचाही नाही. जुन्या मोगली वा सुरती रुपयांवर सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या खुणा सर्रास दिसतात. त्या खासगी असतात आणि त्यांच्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत बहुधा उतरते. तुमच्या मुलाच्या नाण्यावरील फूल मात्र राज्याच्या हुकमाने उमटलेले आहे. ते ‘थिसल’ आहे, म्हणजे आपल्याकडच्या उंटकटारीच्या कुळातले काटेरी फूल. ते स्कॉटलंडचे राष्ट्रीय चिन्ह आहे, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे, याचाच अर्थ ठसा राजाच्या नावाने मारलेला आहे. इंग्रजीत अशा नंतरच्या ठशाला काउंटरमार्क म्हणतात, आणि आपल्याकडचे संग्राहकही तोच शब्द वापरतात.

हे नाणे जेव्हा पाडले गेले तेव्हा राजा जेमतेम वर्षाचा होता. जून १५६६ मध्ये जन्मलेल्या जेम्सला जुलै १५६७ मध्ये, आई मेरी राणीला गादी सोडायला लावून, राज्याभिषेक करण्यात आला. त्याच वर्षापासून १५७१ पर्यंत ही तलवारीची रायले एडिंबरा येथील टांकसाळीत हातोड्याने पाडली गेली. तलवारीच्या टोकावर मुकुट आहे, एक हात रोमन आकड्यांतील तीसकडे बोट दाखवतो आहे, आणि भोवती लॅटिन वाक्य आहे, ज्याचा भावार्थ असा : ‘माझ्यासाठी, आणि मी तसाच वागलो, तर माझ्याविरुद्धही.’ रोमन सम्राट ट्रेजनने आपल्या अंगरक्षक दलाच्या प्रमुखाच्या हाती तलवार देताना हे उद्गार काढले, अशी आख्यायिका आहे. ज्या सरदारांनी नुकतीच एक राणी पदच्युत केली होती, त्यांनी पाळण्यातल्या राजाच्या नाण्यावर हे वाक्य घालावे, यातील सूचकता कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी होती.

आता फुलाकडे येतो. ते १५६७ चे नाही, १५७८ चे आहे. त्या वर्षी सरकारने ठरवले की जुन्या, चांगल्या कसाच्या चांदीच्या नाण्यांची चलनातील किंमत वाढवायची. ती नाणी टांकसाळीत आणावयाची होती. तेथे थिसलचा ठसा मारला की तीस शिलिंगांचे रायल ३६ शिलिंग ९ पेन्सांना चालत असे (बारा पेन्सांचा एक शिलिंग). नाण्यावरचा तीसचा आकडा तसाच राहिला आणि ठशात नवी किंमत कोठेही लिहिलेली नाही. लोकांना ती ऐकून माहीत असे, आणि ठसा एवढेच सांगत असे की हे नाणे तपासून पसंत केलेले आहे. तेव्हा तुमच्या मुलाच्या हाती एकाच तुकड्यावर दोन तारखा आल्या आहेत. ठसा खरा असेल, तर तो फसलेला नाही. खरा आहे की नाही, याचा विचार पुढील एका पत्राच्या उत्तरात केला आहे.

*प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. आपल्याकडे मोगल व मराठा काळात जुन्या सालाच्या रुपयांना बट्टा लागत असे, म्हणजे नाणे जुने झाले की किंमत उतरत असे. स्कॉटलंडमध्ये जुन्या नाण्यांची किंमत सरकारनेच वाढवली, हे उलटे कसे? – एक वाचक, कोल्हापूर*

तुलना योग्य आहे, आणि या विषयाचे मर्म नेमके येथेच आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. बट्ट्याचा व्यवहार नाण्याच्या सालावर चाले. चालू सालाचा सिक्का पुऱ्या भावाने घेतला जाई आणि मागच्या सालांच्या रुपयांवर, चांदी तेवढीच असली तरी, सराफ बट्टा कापत असे. स्कॉटलंडमध्ये साल गौण होते. प्रश्न कसाचा होता. रायलची चांदी बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध होती आणि वजन सुमारे ३०.५ ग्रॅम होते, म्हणजे त्यात जवळजवळ २८ ग्रॅम शुद्ध चांदी होती. १५७२ पासून मात्र सरकारने अर्ध्या मर्काचे, म्हणजे ६ शिलिंग ८ पेन्सांचे, नवे नाणे काढले. त्याला ‘नोबल’ही म्हणत. त्याचा कस बारापैकी केवळ आठ भाग होता. सुमारे ६.८ ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यात शुद्ध चांदी साडेचार ग्रॅमच्या आसपासच भरे.

हा हिशेब तेव्हाच्या एखाद्या एडिंबरातील व्यापाऱ्याच्या नजरेने मांडून पाहा. तीस शिलिंगांचे देणे नव्या नाण्यांत चुकते केले, तर साडेचार नोबल, म्हणजे जेमतेम २०.४ ग्रॅम चांदी हातची जाते. एका रायलने चुकते केले, तर २८ ग्रॅम जाते. कोणताही शहाणा माणूस देणे हलक्या नाण्यांत देईल आणि रायल पेटीत ठेवील, किंवा परदेशी मालाच्या मोबदल्यात देशाबाहेर पाठवील, नाहीतर सोनाराकडे वितळवील. हलके नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकावते, हा अनुभव सर्व देशांचा आहे.

सरकारपुढे दोन मार्ग होते. एक, सर्व जुनी नाणी परत घेऊन, वितळवून, नव्याने पाडणे. यात कोळसा, मजुरी आणि वेळ लागतो, शिवाय लोक नाणी आणून देतीलच याची शाश्वती नसते. दुसरा, नाणे तसेच ठेवून त्याच्या अंगावर एक छोटा ठसा मारणे आणि त्याला नवा भाव देणे. १५७८ मध्ये दुसरा मार्ग निवडला गेला. नवा भाव ३६ शिलिंग ९ पेन्स, म्हणजे मूळच्या सुमारे सव्वापट होता. नोबलच्या मापाने तो साधारण २५ ग्रॅम चांदीइतका येतो. याचा अर्थ ठसा मारल्यानंतरही रायलमध्ये त्याच्या भावाहून थोडी जास्तच चांदी उरत होती. माझ्या मते ही योजना हुशारीची होती, पण अर्धीमुर्धी होती. नाणे पेटीतून बाहेर काढण्यापुरते आमिष तिने दाखवले. ते देशात टिकवण्यापुरते मात्र दाखवले नाही.

सर्व जुनी नाणी याच प्रमाणात वाढवलेली आहेत, हे पडताळून पाहण्यासारखे आहे. वीस शिलिंगांचे दोनतृतीयांश रायल २४ शिलिंग ६ पेन्सांना आणि दहा शिलिंगांचे एकतृतीयांश १२ शिलिंग ३ पेन्सांना चालू लागले. मेरी राणीचे ‘टेस्टून’ नावाचे लहान नाणे सुमारे ६.१ ग्रॅमचे आहे, म्हणजे वजनाने रायलचा बरोबर पाचवा भाग. त्याला ७ शिलिंग ४ पेन्सांचा भाव मिळाला, आणि ३६ शिलिंग ९ पेन्सांना पाचाने भागले तर हाच आकडा येतो, अपूर्णांक तेवढा सोडून. हुकूम काढणाऱ्यांनी प्रत्येक नाण्याचा वेगळा विचार केला नव्हता. त्यांनी चांदीचा भाव ठरवला आणि बाकीचे गणित आपोआप झाले.

या पद्धतीचा स्कॉटलंडला हा पहिला अनुभव नव्हता, हेही लक्षात असू द्यावे. १५७५ मध्ये, राजाच्या वतीने कारभार पाहणारा अर्ल ऑफ मॉर्टन याच्या अमलात, ‘प्लॅक’ आणि ‘लायन’ या हिणकस मिश्रधातूच्या चिल्लर नाण्यांवर हृदय व तारा असा ठसा मारला गेला होता. ती चिन्हे मॉर्टनच्या डग्लस घराण्याच्या ढालीवरची होत. त्या ठशाने भाव वाढत नव्हता. बाजारात बनावट चिल्लर इतकी झाली होती की खरे नाणे ओळखता यावे एवढाच त्याचा उद्देश होता. या मॉर्टनचा १५८१ मध्ये ‘मेडन’ नावाच्या शिरच्छेद यंत्राने अंत झाला. ते यंत्र एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. त्याच इमारतीत त्या काळची नाणीही आहेत, तेव्हा जाणाऱ्याने दोन्ही पाहावीत.

*प्रश्न : थिसलचा ठसा खरा की खोटा, हे घरी बसून कसे ओळखावे? ठसा नसलेले नाणे घेणे अधिक सुरक्षित नाही काय? – एक वाचक, नाशिक*

आधी स्वतःचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी छायाचित्रावरून असेच एक तलवारीचे रायल मागवले. छायाचित्रात थिसल अगदी ठसठशीत होते, आणि त्या ठसठशीतपणालाच मी भुललो. नाणे हाती आल्यावर वजन केले तर ते चार ग्रॅमांनी कमी भरले. भिंगाखाली पाहिले तर अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत आणि पृष्ठभागावर बारीक पुळ्या होत्या. ते साच्यात ओतलेले होते. थिसलसुद्धा साच्यातूनच आले होते, वेगळे मारलेले नव्हते. विक्रेत्याने पैसे परत केले, पण त्या एका नाण्याने मला चार गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट वजनाची. हातोड्याने नाणी पाडण्याच्या काळात कातरीने कडा कापण्याचा धंदा चाले, त्यामुळे हातोड्याचे नाणे थोडे हलके असणे नवल नाही. पण चांगल्या स्थितीतील, कडा पूर्ण असलेले नाणे तीन-चार ग्रॅमांनी हलके असेल, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा कामासाठी शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घरात असणे, माझ्या मते, कोणत्याही पुस्तकाआधी आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ठशाची मागची बाजू. पाडून झालेल्या, थंड नाण्यावर लोखंडी ठसा ठेवून हातोडा मारला की धातू दबतो, आणि नाण्याची दुसरी बाजू, जी ऐरणीवर टेकलेली असते, त्या जागी चपटी होते. म्हणून खऱ्या ठशाच्या नेमके पाठीमागे अक्षरांचा किंवा चित्राचा एखादा तुकडा सपाट झालेला दिसतो. ठसा खोल आहे आणि पाठीमागचे नक्षीकाम मात्र जसेच्या तसे उठावदार आहे, असे दिसले तर ठसा मारलेला नाही, ओतलेला असण्याची शक्यता मोठी.

तिसरी गोष्ट झिजेची, आणि येथे घाईने निष्कर्ष काढू नये. १५६७ च्या रायलला ठसा लागला तेव्हा ते अवघ्या अकरा वर्षांचे होते. त्यानंतर नाणे आणि ठसा यांनी एकत्रच झीज सोसली. तेव्हा नाणे पार घासून गेलेले आणि ठसा मात्र नुकत्या मारलेल्यासारखा, असे दिसले तर शंका घ्यावी. तथापि ठसा खोलगट असतो आणि खोलगट भागाला भोवतालच्या धातूचे संरक्षण मिळते, त्यामुळे तो नाण्याच्या उठावदार भागांपेक्षा काहीसा ताजा दिसणे स्वाभाविकच आहे. १५५० च्या दशकातील टेस्टूनवर तर ठशाआधीच वीस-पंचवीस वर्षांची झीज झालेली असते, म्हणून तेथे ठसा आणि नाणे यांतील फरक अधिक असला तरी चालतो. हा तोल डोळ्याला सवयीने कळतो. त्यासाठी ब्रिटिश म्युझियम किंवा ग्लासगोचे हंटेरियन यांसारख्या संग्रहालयांतील खात्रीच्या नाण्यांची छायाचित्रे पुनःपुन्हा पाहणे हा एकच उपाय आहे.

चौथी गोष्ट अशी की, ठसा खोटा आणि नाणे खरे, असेही असू शकते. एका छोट्या ठशाने नाण्याचा भाव सव्वापट होत असेल, तर तो ठसा घरच्या घरी मारून टांकसाळीची फेरी चुकवण्याचा मोह कोणाला झाला नसेल? त्या काळी मारलेला असा खोटा ठसा आज संग्राहकाला मुळीच त्याज्य वाटू नये. तो त्या व्यवहाराचाच दुसरा पुरावा आहे. मात्र विक्रेत्याने तो सरकारी म्हणून विकता कामा नये, आणि आपणही तसा भाव देऊ नये. मुकुटाची ठेवण, फुलाच्या बोंडावरची जाळी, देठाजवळची पाने यांची खात्रीच्या ठशाशी तुलना करावी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ठसा नसलेले रायल स्वच्छ दिसते आणि अनेकांना तेच आवडते, यात वावगे काही नाही. पण ‘ठसा नाही म्हणून सुरक्षित’ हे खरे नव्हे. बनावट नाणे बिनठशाचेही असते. ठसा नसणे याचा अर्थ इतकाच की १५७८ मध्ये ते नाणे टांकसाळीत पोहोचले नाही. ते परदेशी गेलेले असेल, किंवा कोणाच्या तरी जमिनीखालच्या मडक्यात असेल. दोहोंपैकी एकच घेणे परवडत असेल, तर मी ठसा असलेले घेईन.

*प्रश्न : या मालिकेतील नाणी जमवायची झाल्यास सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, ठाणे*

सुरुवात तलवारीच्या रायलपासून करावी. त्यातही १५६७ सालची नाणी इतर सालांच्या मानाने सहज मिळतात. वीस आणि दहा शिलिंगांचे त्याचे धाकटे भाऊ नंतर जोडता येतात. तिन्हींवर थिसल असलेला संच जमला, तर एका हुकुमाचा पूर्ण हिशेब आपल्या हातात आला असे समजावे.

त्याआधीचे, मेरी राणीचे रायल अधिक महाग आणि अधिक रंजक आहे. त्यावर मुकुट घातलेले ताडाचे झाड आणि त्याच्या बुंध्यावर चढणारे कासव आहे. १५६५ च्या हुकुमात झाड ताडाचे असल्याचे स्पष्ट म्हटलेले असूनही, ते ग्लासगोजवळच्या क्रुकस्टन किल्ल्यातील यू जातीचे झाड असून त्याखाली मेरी आणि तिचा नवरा हेन्री डार्नली भेटत, अशी कथा पुढे रूढ झाली आणि नाण्याला ‘क्रुकस्टन डॉलर’ हे नाव चिकटले. त्याच वर्षी राजा-राणीचे समोरासमोर चेहरे असलेले एक रायलही निघाले होते. त्यावर हेन्रीचे नाव आधी आणि राणीचे नंतर होते. ते लवकरच मागे घेतले गेले, आणि पुढच्या नाण्यांवर मेरीचे नाव आधी आले. समोरासमोरच्या चेहऱ्यांचे नाणे इतके दुर्मीळ आहे की सामान्य संग्राहकाने ते संग्रहालयातच पाहावे. डार्नलीचा फेब्रुवारी १५६७ मध्ये खून झाल्यानंतरच्या नाण्यांवर मेरीचे एकटीचेच नाव दिसते. एकाच झाड-कासवाच्या नक्षीभोवतीची नावे दोन वर्षांत अशी बदलत गेली, हे नुसते लेख वाचून कळते.

टेस्टून लहान आहेत आणि त्यांचे प्रकार अनेक आहेत. लहान नाण्यावर थिसलचा ठसा बरीच जागा खातो, त्यामुळे नाण्याचे साल किंवा नाव त्याखाली गेलेले असण्याची शक्यता असते. घेण्यापूर्वी ते वाचता येते की नाही, एवढे अवश्य पाहावे.

*प्रश्न : माझ्याकडे आजोबांच्या काळापासून एक स्पॅनिश चांदीचे नाणे आहे, त्यावरील राजाच्या मानेवर दुसऱ्या राजाचे लहान डोके लंबगोलात उमटले आहे. ते या मालिकेतील आहे काय? – एक वाचक, पणजी*

नाही. वर्णनावरून ते बँक ऑफ इंग्लंडने १७९७ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या चेहऱ्याचा ठसा मारून चालवलेले स्पॅनिश डॉलर दिसते. ते ४ शिलिंग ९ पेन्सांना चाले, म्हणून लंडनच्या लोकांनी ‘दोन राजांची डोकी, तरी एका क्राउनची किंमत नाही’ अशी थट्टा केली. क्राउन म्हणजे पाच शिलिंग. या ठशाचीही इतकी नक्कल झाली की १८०४ मध्ये आधी अष्टकोनी ठसा आणि मग संपूर्ण नाणेच नव्याने दाबून काढण्याची पाळी आली. तेव्हा तुमच्या नाण्याचीही खात्री करून घ्यावी.

*प्रश्न : परदेशातून असे नाणे आणताना आणि ते घरी ठेवताना कोणती काळजी घ्यावी? – एक वाचक, पुणे*

आणण्याआधी नाण्याचा मागचा इतिहास विचारावा. स्कॉटलंडमध्ये जमिनीत सापडलेल्या, मालक नसलेल्या सर्व जुन्या वस्तू राजसत्तेच्या मालकीच्या मानल्या जातात आणि सापडणाऱ्याने त्या कळवाव्या लागतात. इंग्लंडमधील कायदा याहून वेगळा आहे. म्हणून ‘शेतात सापडले’ एवढेच सांगणाऱ्या विक्रेत्याकडून स्कॉटलंडमध्ये काही घेऊ नये. जुन्या संग्रहातून आलेले, लिलावाची पावती असलेले नाणे घ्यावे, आणि ती पावती नाण्याबरोबर ठेवावी.

भारतात आल्यावर आपला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुने कोणतेही नाणे त्याच्या व्याख्येत बसते, आणि ते कोणत्या देशाचे आहे हे व्याख्या विचारत नाही. अशा वस्तूची खासगी निर्यात करता येत नाही. तेव्हा पहिल्या पत्रातल्यासारख्या परदेशी असलेल्या मुलाने भेट म्हणून दिलेले रायल पुढे त्याच्याकडे परत पाठवू, असा बेत असेल, तर ते मुळात ग्लासगोलाच राहू द्यावे.

घरात आल्यावर दिवाळीच्या भांड्यांसारखे ते चिंच, रांगोळी किंवा दंतमंजन लावून घासू नये. चारशे वर्षांचा काळपटपणा हीच त्या नाण्याची कातडी आहे, आणि थिसलच्या खोबणीतला गडद रंग गेला की ठसा खरा होता की नाही हे पाहण्याची एक महत्त्वाची खूण गेली. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवल्यास कालांतराने हिरवट चिकटा धरतो. कागदी पाकिटात किंवा कडक, पीव्हीसी नसलेल्या डबीत ठेवावे, कडेने धरावे, आणि पावसाळ्यात डबीजवळ सिलिका जेलची पुडी ठेवून ती दर महिन्याला बदलावी.